देश नसलेल्या भाषेचे गीत

राष्ट्रगीत म्हटले की त्याच्यामागे राष्ट्र, सीमा, सैन्य आणि झेंडा हे सगळे आलेच, असे आपण धरून चालतो. 'ला एस्पेरो' या गीताकडे यांपैकी झेंडा तेवढा आहे: हिरवे कापड, वरच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन आणि त्यात हिरवा पंचकोनी तारा. एस्पेरांतो नावाच्या, मुद्दाम घडवलेल्या भाषेतली ही चोवीस ओळींची कविता. या भाषेचे जागतिक अधिवेशन भरते तेव्हा सभागृहातले लोक उभे राहून ती गातात, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही पासपोर्टाशी तिचा संबंध नसतो. शीर्षकाचा अर्थ 'आशा'. कवितेचा कर्ता आणि भाषेचा कर्ता एकच, ल्युदविक लाझार झामेनहोफ, व्यवसायाने डोळ्यांचा डॉक्टर. कविता तलवारीला नकार देते, पण आज ती ज्या चालीवर गायली जाते ती चाल सैनिकी कूचगीताच्या ढंगाची आहे. हा विरोध नेमका कुठून आला, हे पाहायचे तर आधी कवितेच्या शब्दांपर्यंत जावे लागते, आणि शब्दांपर्यंत जायचे तर थोडे मागे, ब्यालिस्तोकला.

झामेनहोफ यांचा जन्म 1859 साली ब्यालिस्तोक या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. तिथे रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश या भाषा बोलणारे लोक शेजारी शेजारी राहत आणि एकमेकांकडे संशयाने पाहत. पुढे एका पत्रात झामेनहोफ यांनी आपल्या लहानपणाबद्दल जे लिहिले त्याचा आशय असा: सगळी माणसे भाऊ आहेत असे मला घरी शिकवले जात होते, पण रस्त्यावर पाऊल टाकले की माणूस नावाचे कोणी दिसतच नसे, दिसत ते फक्त रशियन, पोल, जर्मन आणि ज्यू. या वैराचे मूळ एकमेकांची भाषा न कळण्यात आहे असे त्या मुलाने ठरवून टाकले. हे निदान अपुरे होते असे आज म्हणता येते, कारण एकच भाषा बोलणारे लोकही एकमेकांचे गळे कापतात. पण निदान अपुरे असले तरी त्यावरचा उपाय मात्र त्याने अतिशय चिकाटीने तयार केला.

शाळेत असतानाच त्याने भाषेचा पहिला आराखडा केला होता, आणि डिसेंबर 1878 मध्ये वॉर्सातल्या घरी काही वर्गमित्रांना जमवून त्या भाषेचा वाढदिवस साजरा केला. त्या दिवशी मुलांनी त्या कच्च्या भाषेत एक गीत म्हटले. त्याच्या चारच ओळी सांगितल्या जातात, आणि त्यांचा अर्थ असा: राष्ट्राराष्ट्रांतल्या वैरा, पड, पड, आता वेळ झाली, सगळ्या मानवजातीने एका कुटुंबात एक व्हायलाच हवे. ती भाषा आजच्या एस्पेरांतोपेक्षा बरीच वेगळी आहे, पण 'कुटुंब' हा शब्द त्यात आहे आणि बारा-एक वर्षांनी लिहिलेल्या 'ला एस्पेरो'तही तो दोनदा येतो. या भाषेत छापील पुस्तक निघण्याच्या सुमारे नऊ वर्षे आधी तिचे गीत गायले गेले होते, असा हा उलटा क्रम आहे.

पुस्तक निघाले 1887 साली, वॉर्सात, रशियन भाषेतून. ते छापण्याचा खर्च होणाऱ्या सासऱ्यांनी उचलला. भाषेला नाव नव्हते; ती नुसती 'आंतरराष्ट्रीय भाषा' होती. लेखकाने स्वतःसाठी मात्र टोपणनाव घेतले होते: डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे 'आशा करणारा डॉक्टर'. हळूहळू लोक भाषेलाच त्या नावाने ओळखू लागले. मूळ पुस्तकात व्याकरणाचे सोळा नियम आणि सुमारे नऊशे धातू एवढाच ऐवज होता. गावठाणाची आखणी झाली आहे पण घरे उभी राहायची आहेत, तशी ती अवस्था. अशा भाषेत पत्र लिहिणे शक्य आहे हे कोणीही मान्य करील, पण कविता? 'ला एस्पेरो' 1890 च्या आसपासची आहे, म्हणजे भाषा तीन-चार वर्षांची असतानाची, आणि या प्रश्नाचे ती एक उत्तर आहे.

पहिले कडवे देवनागरीत लिहिले तर असे दिसते:

एन ला मोंदोन वेनिस नोवा सेंतो,
त्रा ला मोंदो इरास फोर्ता वोको;
पेर फ्लुगीलोय दे फात्सीला वेंतो
नुन दे लोको फ्लुगु जी आल लोको.

अर्थ: जगात एक नवी भावना आली आहे, जगभर एक जोरकस साद फिरते आहे, हलक्या वाऱ्याच्या पंखांवरून ती आता ठिकठिकाणी उडत जावो. उच्चारांबद्दल मराठी वाचकाची एक सोय आहे. एस्पेरांतोत दोन वेगळे 'च' आहेत आणि ते दोन्ही आपल्याकडे आहेत: एक चाकातला आणि एक चिमणीतला. वर 'फात्सीला' असे जे लिहिले आहे त्यातला 'त्स' म्हणजे आपला चाकातला च. इंग्रज माणसाला तो मुद्दाम शिकवावा लागतो.

आता शब्दांची टोके पाहावीत. मोंदो, सेंतो, वोको, वेंतो, लोको ही सगळी नामे आहेत, कारण त्या भाषेत प्रत्येक नाम 'ओ'ने संपते. नोवा, फोर्ता, फात्सीला ही विशेषणे आहेत, कारण विशेषण 'आ'ने संपते. फ्लुगीलोय या शब्दातला शेवटचा 'य' अनेकवचनाचा. वेनिस म्हणजे आली, भूतकाळ. इरास म्हणजे जाते, वर्तमानकाळ. फ्लुगु म्हणजे उडो, आज्ञार्थ. अपवाद नाहीत, लिंगानुसार रूप बदलत नाही, आणि 'तो आला, ती आली, ते आले' अशी क्रियापदाची ओढाताण नाही. पहिल्याच चार ओळींत सोळांपैकी बरेच नियम कामाला लावलेले आहेत, पण कविता व्याकरणाच्या धड्यासारखी वाटत नाही, हे मला तिचे पहिले यश वाटते.

पहिल्या दोन ओळींत एक बारीक भेदही आहे. पहिल्या ओळीत 'मोंदोन' आणि दुसरीत 'मोंदो'. हा जादा 'न' एरवी कर्माला लागतो, पण 'एन' म्हणजे 'आत' या शब्दासोबत आला की बाहेरून आत येण्याची हालचाल दाखवतो. आपण 'घरात बसला' आणि 'घरात शिरला' या दोन्ही ठिकाणी 'घरात'च म्हणतो. स्थिती आहे की गती, हे क्रियापदावरून कळते. एस्पेरांतोत ते नामावरच लिहिलेले असते. म्हणून पहिली ओळ वाचताना क्रियापदापर्यंत पोचण्याआधीच काहीतरी जगात शिरत आहे हे कळून चुकते.

हाच 'न' दुसऱ्या कडव्यात कवीला मोठे स्वातंत्र्य देतो. तिथे ओळ आहे: 'जी ला होमान तीरास फामिलिओन'. शब्दशः लावत गेले तर 'ती, मानवी, ओढते, कुटुंबाला'. विशेषण आणि नाम यांच्या मधोमध क्रियापद येऊन बसले आहे, तरी घोटाळा होत नाही, कारण होमान आणि फामिलिओन या दोघांच्या टोकाला 'न' आहे आणि तो त्यांची गाठ मारतो. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावलेल्या वाचकाला ही युक्ती ओळखीची वाटेल. मराठीत विशेषणाला विभक्तीचा प्रत्यय लागत नसल्यामुळे एवढी मोकळीक आपल्या कवींना मिळत नाही.

दुसरे आणि तिसरे कडवे हा माझ्या मते या गीताचा गाभा आहे. दुसऱ्याचा अर्थ: ती साद मानवी कुटुंबाला रक्ताची तहान लागलेल्या तलवारीकडे ओढत नाही, सदैव लढत असलेल्या जगाला ती पवित्र सुसंवादाचे वचन देते. तिसऱ्याचा अर्थ: आशेच्या पवित्र चिन्हाखाली शांततामय लढवय्ये जमतात, आणि आशा करणाऱ्यांच्या श्रमाने हे कार्य झपाट्याने वाढते. या आठ ओळींत एकच प्रत्यय चार वेळा यमकाच्या जागी आला आहे. 'आंत' हा तो प्रत्यय. क्रिया करत असणारा असा त्याचा अर्थ. सोइफांता म्हणजे तहानलेली, हे तलवारीबद्दल; मिलितांता म्हणजे युद्ध करत असलेले, हे जगाबद्दल; मग बातालांतोय म्हणजे लढणारे, आणि त्यांच्याशी यमक जुळवणारे एस्पेरांतोय, म्हणजे आशा करणारे. तलवार, युद्धखोर जग, लढवय्ये आणि आशावादी या चौघांना एकाच प्रत्ययाच्या दोऱ्यात ओवले आहे. लढाईची सगळी शब्दकळा कवीने उचलली आणि तिला शांततेच्या कामाला जुंपले. 'पात्साय बातालांतोय', शांततामय लढवय्ये, या दोन शब्दांत तो प्रयत्न आणि त्यातली अडचण अशी दोन्ही दिसतात.

'एस्पेरांतोय' हा शब्द इथे लहान अक्षराने लिहिलेला आहे, आणि त्याचा भाषेच्या नावाशी थेट संबंध नाही. तो साधा 'आशा करणारे' एवढाच आहे. या भाषेचे गीत म्हणून गायल्या जाणाऱ्या कवितेत भाषेचे नाव म्हणून तो शब्द कुठेच येत नाही.

चौथ्या कडव्यात भिंती येतात: दुभंगलेल्या लोकसमूहांमध्ये हजारो वर्षांच्या भिंती भक्कम उभ्या आहेत, पण पवित्र प्रेमाच्या घावांनी ते हट्टी अडसर फुटून उडतील. पाचव्यात, तटस्थ अशा भाषिक पायावर, एकमेकांना समजून घेत, लोक एकमताने एक मोठे कौटुंबिक वर्तुळ करतील. सहाव्यात, आमचा कष्टाळू सहकाऱ्यांचा मेळा शांततेच्या कामात थकणार नाही, मानवजातीचे सुंदर स्वप्न कायमच्या कल्याणासाठी साकार होईपर्यंत. इथल्या 'सहकाऱ्यांचा मेळा' आणि 'मानवजात' या दोन्ही शब्दांत समूह दाखवणारा 'आर' हा प्रत्यय आहे: कोलेगो म्हणजे सहकारी, कोलेगारो म्हणजे सहकाऱ्यांचा समूह, होमो म्हणजे माणूस, होमारो म्हणजे मानवजात. प्रत्ययांची ही कल्पना झामेनहोफ यांना दुकानांच्या आणि दारांच्या पाट्यांवरून सुचली होती. द्वारपालाच्या खोलीवर 'श्वेइत्सार्स्काया' आणि मिठाईच्या दुकानावर 'कोंदितोर्स्काया' या रशियन पाट्या पाहून त्यांच्या लक्षात आले, की एकच शेपूट लावून नवे शब्द करता येत असतील तर शब्दकोशाचे ओझे कितीतरी हलके होईल.

विनोबा भावे यांच्यासारखा, आधीच अनेक भाषा येत असलेला माणूस उतारवयात ही भाषाही शिकला, त्याचे एक कारण या बांधणीत असावे, आणि दुसरे अर्थातच 'जय जगत्' म्हणणाऱ्या माणसाला ती कशासाठी आहे हे समजावून सांगावे लागले नसणार.

आता चालीकडे. एस्पेरांतोत प्रत्येक शब्दाचा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो, हाही अपवाद नसलेला नियम. आपली वृत्ते लघु-गुरूवर किंवा मात्रांवर चालतात, युरोपातली बरीचशी आघातावर. 'ला एस्पेरो'ची प्रत्येक ओळ बरोबर दहा अक्षरांची आहे (अक्षर म्हणजे इथे उच्चारातला एक स्वर, म्हणून 'एन' हे एकच अक्षर), आणि आघात विषम जागांवर येतात: एन ला मोंदोन वेनिस नोवा सेंतो, यात तिसरे, पाचवे, सातवे, नववे अक्षर ठळक. जिथे एखादे अक्षर जास्त होत होते तिथे कवीने नामाचा शेवटचा 'ओ' गाळून ते बसवले आहे. भाषेच्या नियमांत तशी परवानगी आहे. चोवीसच्या चोवीस ओळी एकाच मापाच्या आणि यमके एकाआड एक. असा साचा एखाद्या संगीतकाराला मिळाला की चाल लावणे सोपे जाते, आणि एक चाल काढून तिच्या जागी दुसरी बसवणेही तितकेच सोपे जाते. तसेच झाले.

पहिली नावाजलेली चाल 1891 ची, क्लास आडेल्शोल्ड या स्वीडिश गृहस्थांची. हे पेशाने रेल्वे बांधणारे अभियंते. त्यांची चाल आजच्या चालीच्या मानाने सौम्य आहे. नंतर आणखीही काही चाली झाल्या. शेवटी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फेलिसियाँ मन्यू द मेनिल या फ्रेंच संगीतकाराने विजयाच्या कूचगीतासारखी दणदणीत चाल दिली, आणि तीच सगळ्यांच्या तोंडी बसली.

चाल कूचगीताची झाली याचा दोष एकट्या संगीतकाराला देणे बरोबर नाही. ठळक-हलके, ठळक-हलके असा पडणारा आघात म्हणजे मुळातच डावा-उजवा पाय. शब्दांत चिन्हाखाली जमणारे लढवय्ये आधीच आहेत. अडचण एवढीच की ओळीत असे पाच पाय आहेत आणि कूच चालते चाराच्या हिशेबात, म्हणून काही अक्षरे ताणून घ्यावी लागतात. तरीही तलवारीकडे न ओढणाऱ्या सादेचे शब्द पावले आपटत म्हणताना ऐकले की थोडे चमकायला होते. आडेल्शोल्ड यांची चाल टिकली असती तर 'शांततामय' हा शब्द ऐकू आला असता. आज 'लढवय्ये' जास्त ऐकू येतात. हे माझे मत आहे, आणि समूहाने मोठ्याने गाण्यासाठी कूचच सोयीची, हा त्यावरचा प्रतिवादही मला मान्य आहे.

चालीइतकाच वाद शब्दांचाही आहे. सहा कडव्यांत 'पवित्र' हे विशेषण तीनदा आले आहे: पवित्र सुसंवाद, पवित्र चिन्ह, पवित्र प्रेम. जी भाषा कोणत्याही राष्ट्राची, धर्माची किंवा पक्षाची नाही असे सांगते तिला पवित्र चिन्ह कशाला, आणि मुळात गीत तरी कशाला, असे विचारणारे लोक त्या मंडळींमध्येच आहेत. प्रश्न नवा नाही. 1905 साली फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या बुलोन-स्यूर-मेर या गावी पहिले जागतिक अधिवेशन भरले, तेव्हा 688 लोक आले होते. झामेनहोफ यांना तिथे हिरव्या झेंड्याखालची प्रार्थना म्हणून लिहिलेली एक कविता वाचायची होती, आणि फ्रेंच पुढाऱ्यांना ते नको होते. द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर फितुरीचा खोटा आरोप ठेवला गेला त्या प्रकरणाने फ्रान्स ढवळून निघालेला होता, चर्च आणि शासन वेगळे करण्याचा वाद ऐन भरात होता, आणि भाषेचा जनक ज्यू आहे व तो प्रार्थना म्हणतो आहे असे वर्तमानपत्रांत आले तर भाषेचे हसे होईल, ही त्यांची भीती. शेवटी झामेनहोफ यांनी प्रार्थना वाचली, पण ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान ही सगळी एकाच देवाची लेकरे असे सांगणारे शेवटचे कडवे वगळून.

त्याच अधिवेशनाने एक जाहीरनामा मंजूर केला. त्यात म्हटले आहे की एस्पेरांतो चळवळ म्हणजे एका तटस्थ भाषेचा प्रसार. तिच्याशी कोणी दुसरी कल्पना किंवा आशा जोडत असेल तर ती त्याची सर्वस्वी खासगी बाब आहे. मूळ मजकुरात 'आशा' याला शब्द 'एस्पेरो' हाच आहे. म्हणजे ज्या शब्दाचे गीत झाले त्याच शब्दाला जाहीरनाम्याने खासगी ठरवले, आणि जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारेही झामेनहोफच होते. त्यांना ते पटले होते असे मात्र दिसत नाही. जून 1906 मध्ये त्यांच्या जन्मगावी, ब्यालिस्तोकला, ज्यूंची कत्तल झाली. त्याच वर्षी जिनिव्हाच्या अधिवेशनात त्यांनी त्या कत्तलीबद्दल सांगितले, आणि जी एस्पेरांतो चळवळ फक्त व्यापारासाठी आणि व्यावहारिक सोयीसाठी असेल तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही असे बजावले. हजारो वर्षांच्या भिंतींचे कडवे त्या सभागृहातल्या लोकांना पाठ असणार.

1914 चे अधिवेशन पॅरिसला 2 ऑगस्टपासून व्हायचे होते आणि 3,700 हून अधिक लोकांनी नावे नोंदवली होती. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते रद्द झाले. पॅरिसला निघालेले झामेनहोफ कोलोन या जर्मन शहरापर्यंत पोचून परत फिरले. 1917 साली युद्ध चालू असतानाच ते वॉर्सात वारले. त्यांच्या तिन्ही मुलांना पुढे नाझींनी मारले: आदाम यांना 1940 साली गोळ्या घालून, आणि झोफिया व लिदिया यांना 1942 साली त्रेब्लिंका छावणीत.

एस्पेरांतो सगळ्या जगाची दुसरी भाषा होईल या 'अंतिम विजया'वर पुढच्या पिढ्यांतल्या अनेकांचा विश्वास उरला नाही. 1980 साली फिनलंडमधल्या राउमा या गावी तरुणांच्या एका मेळाव्यात तर तसे लिहूनच काढले गेले, की एस्पेरांतो बोलणारे म्हणजे स्वेच्छेने एकत्र आलेला, जगभर विखुरलेला एक भाषिक समाज आहे, आणि तेवढे पुरेसे आहे. गीत मात्र बदलले नाही, आणि त्याची क्रियापदे मोजली तर एक गोष्ट दिसते. पूर्ण कवितेत भूतकाळाचे क्रियापद एकच आहे: पहिल्या ओळीतले 'वेनिस', आली. पूर्वजांचा पराक्रम नाही, जिंकलेली लढाई नाही, म्हणून भूतकाळ लागतच नाही. त्यानंतर एक आज्ञार्थ आणि सहा वर्तमानकाळ. चौथ्या कडव्याच्या मध्यावर 'सेद' हा शब्द येतो, म्हणजे 'पण', आणि तिथून शेवटपर्यंतची चारही क्रियापदे 'ओस'ने संपतात, म्हणजे भविष्यकाळात: फुटून उडतील, करतील, थकणार नाही, साकार होईल. अंतिम विजय नको म्हणणारेही अधिवेशनात उभे राहतात तेव्हा तीच चार क्रियापदे, तसाच 'ओस' लावून, त्याच दणदणीत चालीवर म्हणतात.